बसतो आणि बसवतो

मराठी भाषेत एका अक्षरावरून माणसाच्या खिशाला केवढी चाट बसू शकते, याचा अभ्यास व्याकरणकारांनी केलेला नाही. 'बसतो' आणि 'बसवतो' हे दोन शब्द घ्या. मध्ये एक 'व' काय तो जास्त! पण या एका 'व'च्या पोटात छिन्नी, हातोडा, तारेचा तुकडा, रबराची चकती आणि 'काही होत नाही हो' हे आश्वासन, इतका सगळा सरंजाम दडलेला असतो. पायाला चावणाऱ्या चपलेबद्दल 'दोन दिवस वापरा, सैल होईल' असे सांगणारा दुकानदार हा 'बसवणाऱ्या' पंथातला. दार चौकटीत जात नाही असे पाहून रंधा काढणारा सुतारही त्याच पंथातला. आणि लग्न जुळवणारे मध्यस्थ तर या पंथाचे महंतच!

चपलेच्या बाबतीत बसवून घेतल्याने फार तर पायाला फोड येतो. पण मोटारीचा जुना भाग विकत घ्यायला निघालेल्या माणसाने हा 'व' ऐकून घ्यायला शिकले नाही, तर फोड कुठे येईल आणि केवढ्याला पडेल, ते सांगता येत नाही.

आमच्याकडे एक ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' या साध्यासुध्या नावाने रस्त्यावर आली, १९८८ साली तिचे बारसे होऊन ती 'ओम्नी' झाली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षे तिने या देशात काय काय वाहिले! शाळेची मुले, दुधाच्या पिशव्या, लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणसे आणि गणपतीसुद्धा. ज्यांच्या दारात कालपरवाची चकचकीत गाडी उभी आहे, त्यांनी हा लेख ओलांडून पुढच्या पानावरच्या व्यंगचित्राकडे खुशाल जावे. पण ज्यांच्या घरात एखादी वस्तू तिच्या कारखान्यापेक्षा जास्त जगली आहे, त्यांच्याशी माझे बोलणे आहे.

आमची ही व्हॅन हौसेची नव्हे, पोटाची. आमच्या घरातून रोज दुपारी ४५ डबे जातात. पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. हे राज्य सर्वस्वी सौभाग्यवतींचे. माझ्याकडे सारथ्य. डबे घेणाऱ्यांत बहुतेक परगावची शिकणारी मुले आहेत. पण पाचसहा घरे एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांची आहेत. त्यांतले एक आजोबा इन्शुलिन घेतात. ते टोचून घेतले की जेवण वेळेवर पोटात जावे लागते. त्यामुळे आमचा डबा एकला पोहोचायचा म्हणजे एकलाच पोहोचायचा, सव्वाला नव्हे.

दिवाळीच्या आधी महिनाभर व्हॅनच्या रेडिएटरची वरची टाकी सांध्यातून पाझरू लागली. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी पाजले होते. घरातल्या बंबाच्या आणि गिझरच्या आत जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या आत चढला होता. आमच्या मिस्त्रींनी जाळीवर हात फिरवला. अर्धी जाळी तापलेली, अर्धी थंडगार. ते म्हणाले, "काका, अर्ध्या नळ्या मेल्यात हिच्या. डाग देऊन टाकी थांबेल, पण नळ्या कुठून उघडणार? दुसरा बघा."

नवा घ्यावा, तर महिना फीचा. आणि नव्यातही स्वस्तातला घेतला तर त्याची जाळी पातळ असते, असे मिस्त्रींचे मत. "हलका नवा घेण्यापेक्षा अस्सल जुना बरा. पण बघून घ्या," असे म्हणून त्यांनी आमचा रेडिएटर काढून माझ्या हातात दिला. तो मी कशाला नेऊ, असे विचारणार होतो, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "अहो, कुकरची रिंग आणायला जाताना आपण झाकण बरोबर नेतोच की!" आणि तिने तो गोणपाटात गुंडाळलासुद्धा.

आता रेडिएटर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी घटकाभर माफ करावे. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. उरलेली काही धुराड्यातून जाते आणि काही इंजिनाच्या अंगात मुरू पाहते. ही अंगात मुरणारी उष्णता पाण्याने उचलायची, नळीवाटे रेडिएटरात आणायची, तिथल्या बारीक नळ्यांतून आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांतून वाऱ्याला देऊन टाकायची आणि थंड झालेले पाणी पुन्हा इंजिनाकडे धाडायचे, असा हा अखंड रहाट आहे. मोटारीच्या बाल्यावस्थेत हे काम फार अवघड गेले. १९०१ सालच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने मधाच्या पोळ्यासारखी जाळी केली. तिच्यात सहा मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० नळ्या होत्या! तिच्यामुळे ३५ अश्वशक्तीच्या त्या गाडीला नऊ लिटर पाणी पुरू लागले. आज रस्त्यावरची साधी व्हॅनदेखील त्याच युक्तीवर चालते. हा रहाट थांबला, तर इंजिनाच्या डोक्याखालचे गॅस्केट जळते, डोके वाकते आणि मग रेडिएटरच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. म्हणून चुकीचा रेडिएटर हा 'थोडा कमी चांगला' रेडिएटर नसतो. तो इंजिनाचा मारेकरी असतो.

ही जुनी जाळी घेऊन आम्ही मंगळवार पेठेकडे वळलो. जुन्या बाजाराच्या या परिसरात काय मिळत नाही, हा प्रश्न विचारू नये. भंगारवाल्यांच्या एका रांगेत एक गृहस्थ चहा पीत बसले होते. मागे दारे, चाके, दिवे, आसने यांचा डोंगर. मी म्हणालो, "ओम्नीचा रेडिएटर पाहिजे."

"आहे ना साहेब! डोळे झाकून न्या. बसवून देतो."

आला की नाही तो 'व'?

त्यांनी पुढे केलेला पहिला रेडिएटर दिसायला देखणा होता. माझा जीव त्यात गुंतू लागला होता. पण आमच्या हिने गोणपाट सोडले आणि आपला रेडिएटर त्याच्याशेजारी जमिनीवर निजवला. जाळीची उंची-रुंदी जवळपास सारखी. पण पाणी येण्याचे आणि जाण्याचे तोंड? आमच्याकडे ते जिकडे, तिकडे त्यांच्याकडे नाही. पकडणीचे कानही निराळ्या जागी.

"हा कुठल्या गाडीचा?" तिने विचारले.

"आठशेचा आहे वहिनी. पण इंजिन एकच आहे ना! होजपाईप थोडा वळवला की झालं."

यातले पहिले वाक्य खरे आहे. मारुती ८०० आणि ओम्नी यांच्या पोटात ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे, एकाच घराण्यातले इंजिन. पण छोट्या गाडीत ते पुढे, आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते; व्हॅनमध्ये ते चालकाच्या बैठकीखाली उभ्या अंगाने बसते आणि मागची चाके फिरवते. इंजिन एक म्हणून रेडिएटर एक, हे म्हणणे म्हणजे दोन भाऊ एकाच आईचे म्हणून एकाच्या मापाचा कोट दुसऱ्याला शिवण्यासारखे झाले. होजपाईप वळवला तर तो दुमडतो. दुमडला की पाणी अडते. शिवाय रबर ताणलेले राहिले, तर एखाद्या खड्ड्यात तोंडावरून निसटते. व्हॅन चालवणाऱ्याला खड्ड्यांची वाट पाहावी लागत नाही, हे पुणेकरांना सांगायला नको.

तेव्हा पहिला धडा असा की, गाडीचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या सालची, कार्ब्युरेटरची की नंतरच्या एमपीएफआय इंजिनाची, नुसत्या पेट्रोलची की गॅसवरही चालणारी, वातानुकूलित की साधी, हे सगळे सांगावे. आर. सी. बुकावर साल असते, चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक असतो. ते बुक बरोबर ठेवावे. रेडिएटरवर कंपनीचा पार्ट नंबर शिल्लक असेल, तर फारच उत्तम. दोन नंबर जुळले की निम्मे भांडण मिटते. वातानुकूलित गाडीच्या रेडिएटरपुढे आणखी एक जाळी येते, त्यामुळे त्याला अधिक गरम वारा मिळतो आणि कामही जास्त पडते. तिथे साध्या गाडीची पातळ जाळी लावून चालत नाही.

आपल्याकडे पत्रिका जुळवताना वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, असे करत करत नाडीचे आठ आणि एकूण छत्तीस गुण मोजतात. अठरा जुळले तरी मंडळी अक्षता वाटायला निघतात. रेडिएटरच्या पत्रिकेत अठरावर भागत नाही. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी. दोन्ही तोंडांची जागा आणि बाहेरचा व्यास. पकडणीचे कान आणि त्यांतली भोके. पंख्याच्या कोंदणाचे स्क्रू. पंखा आणि जाळी यांच्यातले अंतर. काही रेडिएटरांच्या टाकीत उष्णतेवर चालणारा स्विच असतो, त्याच्या आट्या. पाणी सोडायची तोटी. आणि झाकणाचा गळा. यातले एकही हुकले की वरात परत फिरते. मिस्त्रींनी मला हे पाठ करायला लावले होते. आमच्या हिने ते पाठ केले नव्हते. तिने शिवणाच्या डब्यातली टेप आणली होती.

दुसरा रेडिएटर खरोखरच ओम्नीचा निघाला. टेप लावली, सुताइतकाही फरक नाही. कान कानाशी, तोंड तोंडाशी. मी पाकीट काढले. ती म्हणाली, "थांबा." झाकण उघडून तिने आत बोट घातले आणि बोट नाकाशी नेले. मग मलाही वास दिला. हळद!

वाचकांतल्या काही मंडळींना याचे आश्चर्य वाटेल. पण रेडिएटर गळू लागला की पाण्यात हळदपूड टाकणे हा आपल्याकडच्या चालकांचा जुना तोडगा आहे. पूड गळक्या फटीत जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. अडचणीच्या वेळी ठीक आहे. पण हळदीला गळकी फट कोणती आणि चांगली नळी कोणती हे कळत नाही. ती दोन्हीकडे बसते. घरच्या कोणाही बाईला हा पदार्थ कशात पडल्यावर कसा चिकटतो ते सांगावे लागत नाही. तिने पाण्याची बाटली वरच्या तोंडातून ओतली. खालून पाणी बाहेर पडायला हवे तसे भडभड पडेना. म्हाताऱ्याच्या बोलण्यासारखे थांबत थांबत येऊ लागले. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते, पण नवरदेवाला दम्याचा आजार होता!

तेव्हा दुसरा धडा: जुळणे वेगळे आणि धडधाकट असणे वेगळे. जुन्या वस्तूच्या बाबतीत दोन्ही पाहावे लागते. पत्र्या चेपलेल्या असतील, तर वारा आरपार जात नाही; रेडिएटर उजेडासमोर धरून पाहावा. सांध्यापाशी हिरवे किंवा पांढरे डाग असतील, तर तिथून पूर्वी पाझर झालेला आहे. आत तपकिरी गाळ असेल, तर गंजाचे पाणी फिरले आहे. तांब्यापितळेच्या रेडिएटरला कसबी माणूस डाग देऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या असतील, तर ते प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ झालेले नाही ना, हे नीट पाहावे; त्याला डाग देता येत नाही.

आतापर्यंत दुकानदारांचा चहा संपला होता. माझी अपेक्षा अशी की, हे गृहस्थ आता रागावणार. पण ते हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्या धंद्यात यायला पाहिजे होतं." आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "खरं सांगू का साहेब? दहातली नऊ गिऱ्हाइकं नुसती 'ओम्नीचा द्या' म्हणतात. साल विचारलं तर सांगता येत नाही. जुना भाग आणा म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात. तिथं तो 'बसवतो' म्हणतो. मग मीपण 'बसवतो' म्हणतो. पोट मलापण आहे."

त्यांच्या या बोलण्याने माझ्या मनातली अढी निम्मी गेली. 'बसवतो' हा शब्द विकणारा एकटा बोलत नाही. घाईत असलेले गिऱ्हाईक तो त्याच्या तोंडात घालते.

ते उठले, डोंगरामागे गेले आणि बराच वेळ खडखडाट करून तिसरा रेडिएटर घेऊन आले. धुळीने माखलेला, रूपाने दोघांपेक्षा डावा. मागून धडक बसून मोडीत निघालेल्या ओम्नीचा होता. टेप जुळली. तोंडे जुळली. पाणी एका दमात खाली आले. मग त्यांनी स्वतःहूनच पाण्याची टाकी ओढली. एका तोंडाला रबरी बूच, दुसऱ्यावर हवेची नळी, आणि रेडिएटर पाण्यात बुडवून हातपंपाने अलगद हवा भरली. इथे जोर करायचा नसतो; झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो, तेवढ्याच्या पलीकडे गेले तर चांगला सांधाही उलतो. आम्ही तिघेही पाण्यावर वाकून पाहत होतो. सुरुवातीला पत्र्यांत अडकलेले चार बुडबुडे आले आणि गेले. मग पाणी निवळशंख झाले. मिनिटभर कोणी बोलले नाही. दूध उतू जाते का ते बघताना माणूस जसा पातेल्याकडे बघतो, तसे आम्ही त्या टाकीकडे बघत होतो. पुढचा बुडबुडा आला नाही.

झाकणाचे मात्र तिने साफ नाकारले. "शिट्टी दुसऱ्या कंपनीची लावून मी डाळ शिजवत नाही," ती म्हणाली. यात शास्त्र आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे तत्त्व कुकरचे आणि तेच रेडिएटरच्या झाकणाचे. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोच्या दाबापर्यंत ते पाणी कोंडून धरते. मग ते पाणी शंभराऐवजी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कमी आकड्याचे झाकण लावले तर गाडी लवकर उकळते, जास्त आकड्याचे लावले तर सांधा फुटतो. झाकण ही वस्तू जुनी घेऊ नये. नवे, गाडीला सांगितलेल्या आकड्याचे घ्यावे. होजपाईप आणि त्यांच्या क्लिपांचेही तेच.

भाव ठरला. आमचा जुना पितळी रेडिएटर त्यांनी काट्यावर टाकून त्याचे पैसे वजा केले. तिने बिलावर दोन ओळी लिहून घेतल्या: गाडीचे साल, आणि तीन दिवसांत गळला तर परत. त्यांनी सही केली. तोंडी शब्दावर विश्वास नव्हता असे नाही. पण लिहिलेला शब्द उद्या विसरत नाही.

मिस्त्रींनी रेडिएटर बसवला. नव्हे, चुकलो! तो बसला. छिन्नी नाही, हातोडा नाही. चार नट आणि दोन होजपाईप. आधी इंजिनातले गाळाचे पाणी धुऊन काढले. मग बोअरच्या पाण्याला कायमचा राम राम ठोकून कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरले. झाकण उघडे ठेवून इंजिन सावकाश चालवले, म्हणजे आत कोंडलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. पातळी खाली गेली की पुन्हा भरले. इंजिन पुरेसे तापले, पंखा आपोआप फिरू लागला, पुन्हा थांबला. मिस्त्रींनी साऱ्या जाळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सगळीकडं गरम. जिवंत आहे."

व्हॅन बंद होती ते तीन दिवस डबे रिक्षाने गेले होते. मिळकत भाड्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी आजोबांचा डबा पावणेदोनला पोहोचला. ते काही बोलले नव्हते. बिस्किटे खाऊन फाटकाशी उभे होते. ती गोष्ट आमच्या हिच्या मनातून गेली नव्हती. बाजारात तिने पहिल्या देखण्या रेडिएटरला भुलायचे का नाकारले, ते माझ्या तिथे लक्षात आले नाही, घरी आल्यावर आले.

आपण मध्यमवर्गीय माणसे पुष्कळ गोष्टी बसवून घेत आलो आहोत. थोरल्याचा सदरा धाकट्याला, ताईची पुस्तके चिंगीला, दोन खोल्यांत सहा माणसे. त्याचा मला अभिमानही आहे. माणूस भिडेखातर जागा करतो, आखडून बसतो, हसतोसुद्धा. यंत्राला भीड नसते. त्याच्याशी व्यवहार करताना टेप काढावी, आर. सी. बुक उघडावे आणि सरळ विचारावे, "बसतो का?"

परवा व्हॅनच्या मागच्या दिव्याची काच आणायला मी त्याच दुकानी गेलो. एक तरुण पोरगा घाईघाईने येऊन म्हणाला, "ओम्नीचा रेडिएटर द्या." दुकानदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "साल कोणतं? आणि जुना कुठाय?" पोरगा पुढच्या दुकानाकडे बघू लागला. तेव्हा ते म्हणाले, "जा तिकडं हवं तर. पण आधी घरी जाऊन जुना घेऊन ये. नाहीतर तो बसवेल."